दामलेकाकांचं स्टूल

शिकागोजवळच्या शॉमबर्ग-नेपरव्हिलकडच्या मराठी घरांत दामलेकाकांना जेवायला बोलवायचं म्हणजे घरच्या बाईला स्वयंपाकापेक्षा फर्निचरचं टेन्शन जास्त. काका दारात बूट काढत, सगळ्यांना हात जोडून नमस्कार करत, आणि बसायला म्हणून जी खुर्ची पुढे केली जाई ती उचलून सरळ उलटी करत. चष्मा कपाळावर चढवून तिच्या पोटाखाली बघत, सांध्यांवरून अंगठा फिरवत, आणि मग "हं" म्हणून ती पुन्हा सरळ ठेवून तिच्यावर बसत. हे "हं" दोन प्रकारचं असे. एक नुसतंच असे. दुसऱ्याच्या मागून एक वाक्य येई, "वहिनी, हिच्यावर जड माणसाला बसवू नका." एका डॉक्टरीणबाईंनी वास्तुशांतीला इटालियन म्हणून मिरवलेल्या डायनिंग सेटच्या पोटात त्यांना स्टेपलच्या पिना सापडल्या, आणि त्या त्यांनी चार पाहुण्यांना बोलावून दाखवल्याही. पुढच्या दोन दिवाळ्या त्या घरून फराळाचं बोलावणं आलं नाही. काकांच्या ते लक्षातही आलं नाही. शैलाकाकूंच्या आलं.

"वरून सगळंच छान असतं गं," ते मला म्हणायचे. "आधी खालून बघावं."

गेल्या हिवाळ्यात काका न्यू जर्सीत एडिसनला, लेकीच्या घरी वारले. कळवायला फोन काकूंनीच केला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मीनल, तुला सांगायला हवं होतं, तू त्यांच्या कॉलेजातली." काका माझे नात्यातले कुणी नव्हते. पण आम्ही दोघंच मराठी त्या कॉलेजात होतो, आणि शेवटी जे झालं ते मी अगदी जवळून बघितलं. इथल्या लोकांनी त्यांच्याविषयी शोकसभेत जे सांगितलं ते सगळं गोड होतं. मला ते ऐकवेना.

त्यांचं चरित्र सांगण्यात मला रस नाही, आणि त्यांनाही नसता. गिरगावात वाढलेले, मुंबईत फर्निचर डिझाइन शिकलेले, तरुणपणी अमेरिकेत येऊन ऑफिसच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत ड्रॉइंगं काढली, ती कंपनी दुसऱ्या देशात गेल्यावर आमच्या कॉलेजात शिकवायला लागले, एवढं पुरे. कॉलेज शिकागोच्या पश्चिमेला, एका जुन्या कारखान्याच्या लाल विटांच्या इमारतीत होतं. होतं म्हणते, कारण आता तिथे अपार्टमेंट्स झाली आहेत. लहानसं, खाजगी, फक्त डिझाइन शिकवणारं. मी रजिस्ट्रारच्या ऑफिसात होते. बाहेरून आलेल्या मुलांच्या मार्कांचे कागद तपासायचे आणि चार वर्षांनी त्यांच्या पदवीवर कागदात अक्षरं उठवणारा शिक्का मारायचा, हे माझं काम. तो शिक्का लोखंडी होता आणि दाबायला बरीच ताकद लागायची. पदवीदानाच्या आठवड्यात माझा खांदा दुखायचा, आणि काका येऊन विचारायचे, "काय, पीक चांगलं आलंय ना?"

पीक म्हणजे नॉर्वेची मुलं. मुलं भरती करणारा आमचा माणूस एका वर्षी ऐन वेळी नोकरी सोडून गेला. ओस्लोच्या शिक्षणमेळ्यात स्टॉल घेऊन झाला होता आणि जायला कुणी नव्हतं. काकांकडे चालू पासपोर्ट होता आणि नाही म्हणणारं तोंड नव्हतं, म्हणून त्यांना धाडलं. नॉर्वेतली पुष्कळ मुलं शिकायला देशाबाहेर जातात, आणि डिझाइनवाली तर हमखास. त्यांना न्यायला लंडन, मिलान, मेलबर्न सगळे टपलेले असतात. त्यात आमच्या कॉलेजला कोण विचारतंय असं सगळ्यांना वाटत होतं.

मेळ्यात बाकीच्यांकडे मोठमोठे बॅनर, फुकट पेनं, कापडी पिशव्या आणि हसून हसून गाल दुखलेली माणसं. काकांनी आमचा बॅनर गुंडाळून टेबलाखाली सारला आणि टेबलावर एक सागवानी स्टूल ठेवलं. हे स्टूल त्यांनी विद्यार्थी असताना स्वतःच्या हातानं केलेलं. दिसायला देखणं. पण एका पायाचा सांधा घाईत सैल कापला गेला होता, आणि काकांनी सुताराची जुनी लबाडी केली होती. फटीत लाकडाचा भुसा आणि सरस कालवून भरला आणि वरून पॉलिश मारलं. त्यांच्या मास्तरांनी स्टूल उलटं केलं, नखानं भुसा उकरला आणि काकांना नापास केलं. काकांनी ते स्टूल कधी दुरुस्त केलं नाही. अमेरिकेत येताना बरोबर आणलं, आणि आता दर वर्षी काकूंच्या जुन्या गोधडीत बांधून नॉर्वेला न्यायला लागले.

स्टॉलवर येणाऱ्या मुलाला ते एवढंच विचारत, "ह्यात काय चुकलंय, सांग." बरीचशी मुलं म्हणत, काही नाही, सुंदर आहे. त्यांना काका प्रेमानं माहितीपत्रक देत. काही बसून बघत आणि म्हणत, किंचित डुगडुगतंय. एखादंच मूल न विचारता स्टूल उचलून उलटं करी. त्याला काका दुसरा प्रश्न विचारत, "मी तुझ्या घरी येऊ का? तुझ्या आईवडिलांना भेटायचंय."

आता हे तिकडे कुणी करत नाही. एकोणिसाव्या वर्षी तिथलं मूल आपलं आपण ठरवतं, आईबाप फार तर स्टेशनवर सोडायला येतात. कुठल्याही कॉलेजचा माणूस कुणाच्या घरी परवानगी मागायला गेलेला नव्हता. पण मूल सातासमुद्रापार न्यायचं आणि त्याच्या आईबापाचं तोंडही बघायचं नाही, हे काकांच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं. ते ट्रेननं, बसनं, बोटीनं कुठकुठल्या गावांना जात. बरोबर काकूंनी वळलेले बेसनाचे लाडू. स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत, आधी खुर्ची उलटी करून अर्थातच, आणि मग मुलाच्या आईला उद्देशून गंभीरपणे सांगत की मी तुमच्या मुलाला न्यायला आलोय, तुमची हरकत नाही ना. "ह्यांना वाटतं हे सोयरीक जमवायला चाललेत," काकू मला म्हणायच्या. "मी लाडू वळते आणि गप्प बसते."

ज्या घरी काका जाऊन येत त्या घरचं मूल बहुतेक आमच्याकडेच येई. लंडन-मिलान सोडून येई. हे आमच्या कॉलेजच्या प्रेसिडेंटसाहेबांच्या फार लवकर ध्यानात आलं. हा उंच, रुबाबदार, प्रत्येकाचं पहिलं नाव पाठ असलेला माणूस. एका वार्षिक जेवणात त्यानं ग्लास वर करून सांगितलं, "बाकीची कॉलेजं मुलं भरती करतात. आपला अच्युत कुटुंबं भरती करतो." टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात नॉर्वेच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलेल्या काकांचा फोटो होता. काकांना आनंद झाला. मला तो फोटो बघून कसंतरी झालं, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. "काका, तुमचा चांगुलपणा विकायला काढलाय ह्यांनी." त्यावर ते हसून म्हणाले, "नागपूरची माणसं सगळ्यातच तिखट शोधतात."

इंग्रिड त्यांना अशीच मेळ्यात भेटली. हाडकुळी, पांढुरक्या भुवयांची, कमी बोलणारी पोर. तिनं स्टूल उलटं केलं, नखानं भुसा उकरला, बोटावर घेतला आणि त्याचा वास घेतला. म्हणाली, "हे मी नीट करून देते. एक दुपार द्या."

"आत्ता नाही," काका म्हणाले. "पदवी घेशील त्या दिवशी कर. तीच तुझी परीक्षा."

ही गोष्ट काकांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की काकू शेवटचं वाक्य त्यांच्याबरोबर म्हणायच्या.

इंग्रिडचं घर पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटावर. आई लहानपणीच गेलेली, घरात ही आणि बाप. बेटावर जाणाऱ्या बोटीवर काकांनी तिकिटं तपासणाऱ्या युनिफॉर्ममधल्या माणसाला पत्ता दाखवून विचारलं, हे घर कुठे आलं. तो म्हणाला, धक्क्यापासून सरळ वर, पिवळं घर. मग काका सवयीनं त्याच्याशी बोलत बसले. मुलगी किती हुशार आहे, बाप कसा असेल कोण जाणे, एकटा आहे बिचारा, पाठवतो की नाही. माणूस ऐकत राहिला. संध्याकाळी काकांनी पिवळ्या घराचं दार वाजवलं तर तोच माणूस दार उघडून उभा. "हो, मीच तो बिचारा," एवढंच बोलला आणि कॉफी ठेवायला गेला.

हा आर्ने. त्या संध्याकाळी तो फार काही बोललाच नाही. त्याच्या मनात मुलीनं लंडनला जावं असं होतं. काका बोलत राहिले, आणि मग उठायच्या वेळी त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "तुम्ही काळजी करू नका. ती आमचीच मुलगी आहे. पदवीसकट तुमच्या दारात आणून सोडीन."

आपल्याकडे मुलीच्या बापाला असं काहीतरी म्हणावंच लागतं. न म्हटलं तर वाईट दिसतं. आणि बापही ते, पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणावं, तितकंच धरतो. आर्ने मात्र थोडा वेळ काकांकडे बघत राहिला, मग उठला आणि त्यानं हात पुढे केला. काकांना वाटलं, निरोप देतोय. तो शब्द घेत होता. बेटावरच्या त्या माणसाला बोलण्यापुरतं बोलणं ही गोष्टच ठाऊक नव्हती.

मुलं आली की काका स्वतः ओहेअर विमानतळावर घ्यायला जात. गाडीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मागून आणलेले जाड कोट. नॉर्वेची मुलं टी-शर्टात बाहेर येत आणि मफलर गुंडाळलेल्या ह्या म्हाताऱ्याला हसत. तिथून सरळ नेपरव्हिलला घरी, वरण-भात-तूप-लिंबू. मुलं मिटक्या मारत खायची. "हे मुळात नॉर्वेचंच जेवण," काका म्हणत, "कुणीतरी चुकून कोकणात नेलं." इंग्रिड तर दर रविवारी यायला लागली. काकूंच्या देव्हाऱ्याचं लटकणारं दार तिनं न सांगता बसवून दिलं. काकू तिला वाढताना म्हणत "अजून?" आणि ती म्हणे "बास." तिचं मराठी एवढंच, पण उच्चार माझ्या मुलापेक्षा बरे. माझा मुलगा आजीला फोनवर "आय ॲम गुड" सांगतो.

ती चौथ्या वर्षाला जायच्या सुमारास कॉलेजात बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. रिटायर झालेल्यांच्या जागा भरेनात. लायब्ररीत मासिकं येणं थांबलं. कॉरिडॉरमधले गेलेले दिवे तसेच राहिले. आणि मग वर्कशॉपमध्ये लाकूड येईना. मुलं जुनी टेबलं फोडून त्याच्या फळ्या वापरायला लागली. काका तेव्हा पुन्हा नॉर्वेला निघायच्या तयारीत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, ह्या वेळी ट्रिप कॅन्सल करा. लाकूड नसलेलं फर्निचरचं कॉलेज कुठे ऐकलंय?"

"टंचाई असते गं अधूनमधून."

"मग निदान विचारा तरी."

ते त्यांनी केलं. प्रेसिडेंटच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ म्हणाले, मी पुन्हा लोकांच्या घरी जाणार आहे, शब्द देणार आहे, मला माहीत असायला हवं असं काही आहे का. साहेब खुर्चीतून उठून पुढे आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अच्युत, तू मुलं आण. आम्ही इथे आहोत."

काका खुशीत परत आले. "तोंडावर सांगितलंय त्यानं. डोळ्यांत बघून."

"आणि खालून बघितलंत का?" मी विचारलं.

"माणूस म्हणजे काय खुर्ची आहे?" काका म्हणाले. आणि गेले. पाच-सहा नवी मुलं घेऊन आले. मला त्यांचा इतका राग आला होता की त्या वर्षी मुलांना घ्यायला ओहेअरला मदत हवी होती तर मी गेले नाही.

जानेवारीत, नाताळची सुट्टी संपवून सगळे परतल्यावर, एका दुपारी जेवणाच्या वेळेला ईमेल आली. कॉलेज महिनाअखेर बंद होत आहे. भाषा अशी की जणू काही आम्हाला पारितोषिक मिळालंय. 'प्रवासाचा एक सुंदर टप्पा', वगैरे. प्रेसिडेंटसाहेब त्या दिवशी इमारतीत नव्हते, नंतरही कधी आले नाहीत. इंग्रिडचं एक सत्र उरलं होतं. फक्त एक.

परदेशी मुलांचा व्हिसा कॉलेजला बांधलेला असतो. कॉलेज गेलं की थोड्या दिवसांत दुसरं शोधा, नाहीतर घरी जा. अमेरिकन मुलं रडली, चिडली, वकील शोधायला लागली. नॉर्वेची मुलं काकांच्या घरी बैठकीत जमिनीवर गप्प बसून राहिली. काकू कुकर लावत होत्या आणि काका फोन लावत होते. त्या आठवड्यांत काकांनी मुलांना आपल्या गाडीत घालून मिलवॉकी, इंडियानापोलिस, मिशिगन असं बर्फातून कुठकुठे नेलं. कॉलेजांच्या दारात उभे राहिले, लोकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मी कागद तयार करून देत होते. नवी मुलं सगळी कुठे ना कुठे लागली. त्यांचं गमवायला काही झालंच नव्हतं.

इंग्रिडचं कुठेच जमेना. जिथे जावं तिथे एकच नियम. आमची पदवी हवी तर निदान दोन वर्षं आमच्याकडे शिकायला हवं. काका समजावत होते की घे कुठेतरी, दोन वर्षं काय, डोळे मिटून जातील. इंग्रिडनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी ते एकदा केलंय." आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. त्या पोरीला रडता आलं असतं तर काकांना सोपं गेलं असतं.

तिनं शेवटच्या परीक्षेसाठी करायला घेतलेली खुर्ची वर्कशॉपमध्येच होती. वर्कशॉपला नवं कुलूप लागलं होतं, आणि दारावर कागद की आतली प्रत्येक वस्तू कॉलेजला कर्ज देणाऱ्यांची. काका आणि मी एकदा बाहेरून जाऊन बघितलं. काचेला नाक लावून काका उभे होते. आत बाकावर ती खुर्ची दिसत होती, पाय वर करून ठेवलेली, सरस वाळावा म्हणून सुट्टीच्या आधी तिनं ठेवली होती तशीच. काका सिक्युरिटीवाल्याला म्हणाले, ती एक खुर्ची तेवढी द्या, माझ्या विद्यार्थिनीची आहे. तो बरा माणूस होता. म्हणाला, सर, मला चावीच दिलेली नाही. पुढे लिलावात बाकीच्या सामानाबरोबर ती कुठे गेली कुणास ठाऊक.

आर्नेला फोन काकांनी आपल्या स्वयंपाकघरातून केला. मी आणि काकू तिथेच होतो. काका उभं राहून बोलले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर काकूंनी विचारलं, "ओरडला का?"

"नाही ओरडला," काका म्हणाले. "म्हणाला, तिच्या शाळेत पुष्कळ कॉलेजांची माणसं आली होती. मी तिला लंडनला जा म्हटलं होतं. पण घरी तुम्ही एकटेच आलात. जो माणूस घरी येतो तो खोटं कशाला बोलेल, म्हणून मी हो म्हटलं. आणि फोन केल्याबद्दल थँक यू म्हणाला."

मग काका टेबलाशी बसले. बसताना खुर्चीकडे बघितलंही नाही. "शैला, मी गेलो नसतो तर ती पोर आज लंडनमध्ये पदवीधर असती," ते म्हणाले. "मी चांगलं वागलो म्हणून ती फसली. सगळ्या गावाच्या खुर्च्या उलट्या केल्या मी, आणि माझी बुडाखालची तेवढी राहिली." काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना खोटं समाधान देता येत नाही, आणि मलाही येत नाही.

दोन दिवसांनी त्यांनी ठरवून टाकलं. पदवी देणं माझ्या हातात नाही, पण दारात आणून सोडीन म्हणालो होतो, तेवढं करतो. इंग्रिड म्हणाली, मी तेवीस वर्षांची आहे, मला विमानात बसता येतं. काका म्हणाले, "तुझ्यासाठी नाही येत."

मी त्यांना ओहेअरला सोडलं. घरातून निघताना काकूंनी इंग्रिडच्या हातावर दही घातलं. ह्या वेळी लाडू नव्हते. काकांनी विचारलं होतं, पण काकू म्हणाल्या, "कुठल्या तोंडानं न्याल?" मग रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून असेल, किंवा नॉर्वेला जायचं म्हणजे ते न्यायचं अशी सवयच होती म्हणून असेल, त्यांनी स्टूल गोधडीत बांधून घेतलं. मोठ्या सामानाच्या काउंटरवर एका तरुण ऑफिसरनं गोधडी सोडली, स्टूल उलटं केलं आणि त्या सांध्यापाशी हातमोजा घातलेलं बोट थांबवलं. "सर, इथे आत काय भरलंय?"

"भुसा," काका म्हणाले.

त्यानं तो सांधा कापडानं पुसला आणि ते कापड स्फोटकं शोधणाऱ्या मशीनमध्ये तपासलं. काका खाली मान घालून उभे होते. इंग्रिडनं त्यांच्या हातातला पासपोर्ट काढून घेतला आणि आपल्या पासपोर्टबरोबर धरला.

काका परतले ते निम्मे होऊन. नेपरव्हिलचं घर विकलं, आणि दोघं एडिसनला लेकीकडे राहायला गेले. वर्षभरानं एका लग्नासाठी मी न्यू जर्सीला गेले होते तेव्हा ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून मिठाई घेऊन त्यांच्याकडे गेले. लेक कामावर, नातवंडं शाळेत. काका सोफ्यात रुतून बसले होते. मला बसायला त्यांनी एक खुर्ची दाखवली. मी मुद्दाम ती उलटी करून बघितली, त्यांना हसवायला. ते हसले नाहीत. म्हणाले, "बस गं, इथल्या सगळ्या सारख्याच आहेत."

स्टूल खिडकीशी होतं. मी ते उचललं तर वेगळं लागलं. उलटं केलं. सागवानाच्या त्या काळपट तपकिरी अंगात, एका पायाच्या मुळाशी, बर्च झाडाच्या पांढऱ्या लाकडाचा एक तुकडा बसवलेला होता. भुशाचा कणही नव्हता. सांध्यात केस जाईल एवढीही फट नव्हती.

"बेटावर काही दिवस राहिलो," काका म्हणाले. "आर्नेनं ठेवून घेतलं. मासे करून वाढले. मला वाटत होतं आता बोलेल, आता बोलेल. नाही बोलला. तिकडे मागच्या शेडमध्ये ती काहीतरी करत असायची. निघायच्या सकाळी तिनं हे आणून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं. असं, पाय वर करून. म्हणाली, पदवीच्या दिवशी करायचं ठरलं होतं, पण तो दिवस काही येणार नाही, म्हणून केलं."

"मग?"

"मग काय. बघितलं मी. चष्मा वर करून बघितलं. आर्ने शेजारी उभा होता. मी म्हटलं, पास. पहिल्या वर्गात पास." त्यांनी माझ्या हातातल्या स्टुलाकडे बघितलं. "तिनं मान हलवली, आणि बाप-लेक मला धक्क्यावर सोडायला आले. शब्द पाळला म्हणून त्यानं हात पुढे केला तर काय करायचं, अशी मला भीती वाटत होती. नाही केला त्यानं."

इंग्रिड आता काय करते, मी विचारलं. तिथेच बोटीवर, म्हणाले, बापाबरोबर. तिकिटं तपासते.

आत काकूंनी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येत होता. काकांनी स्टूल माझ्याकडून घेतलं आणि मांडीवर उलटंच धरून बसले. त्या पांढऱ्या तुकड्यावरून त्यांचा अंगठा फिरत होता.

"मीनल, तुमच्या ऑफिसात तो शिक्का असायचा ना, लोखंडी? जोर लावून मारायचीस तू."

"हो."

"कुठे गेला तो?"

"लिलावात गेला असेल, काका. टेबलांबरोबर."

"हं," काका म्हणाले. ज्याच्या मागून वाक्य येतं त्यातलं ते "हं" होतं. मी थांबून राहिले. काकू चहा घेऊन आल्या, कप त्यांच्या हातात दिला, तरी पुढचं काही आलं नाही.